आटणाऱ्या नद्या: पाणी गेल्यावर तिथले जीव कुठे जातात?

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला जाते. सोमवती श्रावण-भाद्रपदात आली तर पात्रात पाणी असते. चैत्र-वैशाखात आली तर बहुतेक ठिकाणी तापलेले दगड असतात. देव दोन्ही वेळा जातो. कऱ्हा आटली म्हणून ती नदी उरली नाही, असे त्या वाटेवर भंडारा उधळणाऱ्या कुणालाच वाटत नाही.

आपल्या बोलण्यात, बातम्यांत आणि पुष्कळदा योजनांच्या कागदांत मात्र हिशेब वेगळा असतो. मे महिन्यात पात्राचा फोटो छापून येतो, खाली 'नदी मृतावस्थेत' असे लिहिलेले असते, आणि उपाय म्हणून पोकलेन येतो. माझे म्हणणे असे की कऱ्हा, माण, येरळा, अग्रणी, सीना अशा नद्यांचे काही महिने आटणे हा त्यांचा स्वभाव आहे आणि तिथले मासे, खेकडे, किडे, पाखरे त्या स्वभावाला धरूनच जगत आली आहेत. आटण्याच्या काळात हे जीव ठरावीक जागी तग धरतात. त्या जागा गेल्या की पुढच्या पावसात कितीही मोठा पूर येवो, नदी रिकामीच वाहते. म्हणून नदी वाचवायची असेल तर आधी या जागा ओळखायला हव्यात.

अशा नद्या किती, आणि त्या का आटतात?

२०२१ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत जगभरच्या नद्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पृथ्वीवरच्या नद्या-ओढ्यांच्या एकूण लांबीपैकी ५१ ते ६० टक्के लांबीत वर्षातून निदान एक दिवस तरी प्रवाह थांबतो, असे त्यातून दिसले. शाळेच्या चित्रात आपण काढतो ती बारा महिने वाहणारी नदी जगात बहुमतात नाही.

आपल्याकडे कारण सरळ आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. माण नदी याच तालुक्यात कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि आटपाडी, सांगोला असे कमी पावसाचे तालुके ओलांडत भीमेला मिळते. तिच्या वाटेत कुठेही घाटमाथ्याचा पाऊस नाही. जो पडतो तोही मोजक्या दिवसांत पडून मोकळा होतो.

त्यात आपली जमीन. राज्याच्या जवळपास चार-पंचमांश भागाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. तो स्वतः पाणी धरत नाही. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि कातळातल्या भेगा. पावसाळा संपला की हेच मुरलेले पाणी हळूहळू झिरपून ओढ्याला येत राहते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आभाळ कोरडे असूनही ओढा वाहतो तो या पाण्यावर. ही पुंजी लहान असल्यामुळे ती पौष-माघात संपत येते. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही डोंगरउतारावरचे वहाळ आणि पऱ्हे उन्हाळ्याआधीच तुटतात, त्याचेही हेच कारण आहे: उतार जास्त, साठवण कमी.

नदी एकदम आटत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. आधी धार बारीक होते. मग दगडांमधला उथळ, खळाळता भाग उघडा पडतो आणि पाणी खोलगट जागी तुटक तुटक उरते. हे सुटे डोह मग एकेक करून लहान होतात, आणि शेवटी काही पट्ट्यांत पृष्ठभागावर पाणीच राहत नाही. वाहती नदी, डोहांची माळ आणि कोरडे पात्र या तीन अवस्थांत तिथे राहणारे जीव वेगवेगळे असतात. एकाच किलोमीटरभर पात्रात वर्षभरात तीन वेगळ्या वस्त्या येऊन जातात, म्हणून जैवविविधतेच्या दृष्टीने या नद्या इतक्या श्रीमंत असतात. मे महिन्यात एकदाच जाऊन केलेल्या पाहणीत त्यातली एकच वस्ती दिसते.

डोह

मार्चमधल्या डोहाकडे काठावर उकिडवे बसून पाहावे. पाणी गुडघ्याएवढे, हिरवट. कडेला ओल्या चिखलात खेकड्यांची बिळे, त्यांच्या तोंडाशी उकरलेल्या मातीच्या गोळ्या. पाण्यावर निवळ्या किडे पळतात. उन्हे चढायच्या आधी गेलात तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतील. रात्रभर शेवाळाने आणि पाणवनस्पतींनीही श्वासासाठी प्राणवायू वापरलेला असतो, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. सूर्य वर आला की शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडू लागते आणि मासे खाली जातात. दुपारी पाणी इतके तापते की मासे झाडाच्या सावलीतला कोपरा धरतात. काठावर करंज, उंबर किंवा अर्जुनाचे एक मोठे झाड असणे आणि नसणे, यावर त्या डोहातले किती मासे जूनपर्यंत टिकतील हे बरेचसे ठरते.

या कोंडमाऱ्यात कोण टिकते? मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्यासाठी डोक्यात वेगळी पोकळी असते. मागूर माशालाही तशी सोय आहे, ओल्या गवतातून तो एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात सरकत जाऊ शकतो. वाम चिखलात शिरते, मुऱ्या वाळूत. ज्यांना हे जमत नाही ते मासे खोल डोहावरच विसंबून असतात. बगळे, ढोकऱ्या, खंड्या यांची या दिवसांत चंगळ असते, आणि ती असायलाच हवी. शंभरातले नव्वद मासे या काळात मरतात असे धरले, तरी उरलेले दहा पुरेसे असतात, कारण एकेक मादी हजारोंनी अंडी घालते.

इथेच या नद्यांची सर्वांत नाजूक बाजू दिसते. पावसाळ्यात दहा किलोमीटरवर पसरलेले मासे एप्रिलमध्ये दोन-तीन डोहांत गोळा झालेले असतात. त्या डोहांत कुणी जिलेटिनचा बार टाकला किंवा ब्लीचिंग पावडर ओतली, तर दहा किलोमीटर नदीचे बियाणे एका दुपारी संपते. स्फोटके आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. सव्वाशे वर्षे कायदा असूनही गावोगाव हे चालते, कारण त्या डोहात काय पणाला लागले आहे हे बार टाकणाऱ्याला, आणि त्याला न अडवणाऱ्यालाही, ठाऊक नसते.

जिथे ते ठाऊक होते तिथे लोकांनी फार पूर्वी सोय करून ठेवली आहे. महाड तालुक्यात वाळण कोंड येथे काळ नदीच्या कोंडात देवीचे मासे म्हणून खवले मासे राखले जातात. तिथे कुणी गळ टाकत नाही. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या डोहातले मासे असेच राखीव आहेत. उन्हाळ्यात मासे जिथे गोळा होतात नेमका तोच भाग देवाच्या नावाने मासेमारीतून वगळायचा, ही व्यवस्था एखाद्या मत्स्यतज्ज्ञाने आखली असती तरी याहून चांगली झाली नसती.

खडकाळ पात्रातल्या लहान खळग्यांचीही गोष्ट यातच येते. निघोजजवळ कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला लोक लांबून येतात. पुराच्या पाण्यात भोवऱ्यासोबत फिरणाऱ्या गोट्यांनी कातळात कोरलेले हे खड्डे. अशा खळग्यांत प्रवाह थांबल्यावरही पाणी राहते आणि त्यात मासे पोहोचलेले नसतात. बेडकांना आणि चतुरांना नेमके हेच हवे असते. पावसाळ्यात झुंडीने दिसणारा पिवळसर चतुर मुद्दाम अशा तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतो, त्याची पिल्ले दीड-दोन महिन्यांत वाढून उडून जातात. हे चतुर शरद ऋतूत भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. बारमाही तलावात माशांनी त्याची पिल्ले केव्हाच खाऊन टाकली असती. आटणारे पाणी ही त्याची गरज आहे.

वाळूच्या आत

डोहसुद्धा आटले की पात्र कोरडे दिसते. पण वाळूचे पात्र असेल तर पाणी गेलेले नसते, खाली गेलेले असते. नदीत झिरा काढताना कुणी पाहिले असेल त्याला हे सांगायला नको. हाताने वाळू बाजूला सारत जायचे. वीतभर तापलेली, मग गार, मग ओली. हातभर खाली गेले की खड्ड्याच्या तळाशी गढूळ पाणी जमू लागते. ते वाटीने दोन-चारदा उपसून टाकायचे, मग जे येते ते नितळ असते. माणदेशात, मराठवाड्यात बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या असे हंडे भरले. मेंढपाळ अजूनही मेंढ्यांसाठी झिरे काढतात, आणि त्यांनी उघडून ठेवलेल्या झिऱ्यावर रात्री कोल्हे, लांडगे, साळिंदरेही पाणी पितात.

वाळू किती पाणी धरते याचा अंदाज घेऊ. एक किलोमीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि दोन मीटर जाड वाळूचा पट्टा धरा. एकूण वाळू झाली एक लाख घनमीटर. दाण्यांच्या मधल्या पोकळीतून सहज मिळू शकेल असे पाणी तिच्या चौथ्या हिश्श्याएवढे धरले, तर २५,००० घनमीटर, म्हणजे अडीच कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर, असे २,५०० टँकर. उघड्या तळ्यातले पाणी वैशाखात रोज काही मिलिमीटरने उडून जाते. वाळूखाली हात-दोन हात गेलेल्या पाण्याला ऊन जवळजवळ लागत नाही. केनियातल्या कोरड्या प्रदेशात लोक आटणाऱ्या नद्यांवर मुद्दाम ठेंगणे बांध घालून त्यांच्या मागे वाळू साठवतात, ती पाण्याच्या साठवणीसाठीच. आपल्याला तो साठा आयता मिळाला होता. स्वयंपाकघरात जसा जमिनीत पुरलेला रांजण, तशी नदीतली ही वाळू. रांजण आपण ट्रकमध्ये भरून विकला.

याच ओल्या वाळूत जीवही आहेत. प्रवाह थांबू लागला की पाण्यातल्या किड्यांच्या काही जातींची पिल्ले वाळूत आणि गोट्यांच्या फटींत खाली खाली सरकतात. तिथे कायमचे राहणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीवही असतात. मोठी गोगलगाय चिखलात शिरून कवचाचे झाकण लावून घेते आणि महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. मऊ पाठीचे लहान कासव चिखलात स्वतःला गाडून घेते. काही जीव स्वतः मरतात, पण त्यांची अंडी सुकलेल्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि पहिले पाणी लागताच फुटतात. कोरड्या पात्रातली ओंजळभर माती आणून पाण्यात भिजवली आणि आठवडाभर भिंगाखाली पाहिली, तर शाळेतली मुले हे स्वतः बघू शकतात. विज्ञानाच्या तासाला यापेक्षा चांगला प्रयोग मला तरी माहीत नाही.

विदर्भात भोई समाजाच्या डांगरवाड्याही याच ओलीवर उभ्या आहेत. पावसाळा सरला की मोकळ्या झालेल्या वाळूत खड्डे करून खत घालून टरबूज-डांगराचे वेल लावायचे आणि पूर येण्याआधी पीक काढून मोकळे व्हायचे. नदीच्या आटण्याचे वेळापत्रक पाळणारी ही शेती आहे. वाळू गेली की तीही जाते.

कोरडे पात्र रिकामे नसते

पूर्ण कोरड्या पट्ट्याकडे पाहताना आपल्याला फक्त पाण्याचा अभाव दिसतो. टिटवीला आणि चिखल्या पक्ष्याला तिथे घर दिसते. फेब्रुवारी-मार्चपासून पुढे गोट्यांच्या पसाऱ्यात नुसत्या खळग्यात ते अंडी घालतात. रंग असा की पाय पडेपर्यंत कळत नाही. मोठ्या नद्यांत नदी सुरय हा पक्षी पाण्याने वेढलेल्या वाळूच्या बेटांवर याच काळात वीण करतो. वेडे राघू आणि खंडे पात्राच्या उभ्या दरडीत बिळे कोरतात. मेलेले मासे, शिंपले आणि किडे साफ करतात ते मुंग्या, कोळी आणि भुंगेरे. काठच्या झाडांचा पाला पात्रात साचून राहतो आणि तोच पुढच्या पुरात खालच्या जीवांचे पहिले जेवण होतो. लांडगा आणि तरस यांची ये-जाही बरीचशी या कोरड्या ओढ्यांतूनच होते, कारण शेतांनी व्यापलेल्या मुलखात आडोशाची तेवढीच सलग वाट उरली आहे.

खडकांच्या फटीत मुळे रोवून उभी असलेली शेरणीची झुडपे पाहिली असतील. पुरात ती आडवी होतात, पाणी ओसरले की पुन्हा उभी राहतात, आणि उन्हाळाभर खोल मुळांनी ओल ओढून हिरवी असतात. पूर आणि अवर्षण दोन्ही सोसणाऱ्या या झुडपांच्या बुंध्यांशी माती धरली जाते, म्हणून तिथे पुढे वाळुंज, करंज रुजतो. 'झाडोरा साफ करणे' या कामात सर्वांत आधी उपटली जाते ती हीच.

पहिला पूर आणि चढण

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की नदीला गढूळ लोंढा येतो. हे पाणी धोक्याचेही असते. वर्षभर साचलेला पाला, शेण, घाण एकदम पाण्यात येते, ती कुजताना प्राणवायू संपतो. गावाचे सांडपाणी कोरड्या पात्रात साचत आले असेल, तर हा पहिला लोंढा डोहात वाचलेल्या माशांनाच मारतो. पहिल्या पावसानंतर पाण्यावर तरंगणाऱ्या मेलेल्या माशांच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात, त्यामागे बहुधा हे असते.

लोंढा ओसरला आणि पाणी जरा निवळले की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. देशावर यांना चढणीचे मासे म्हणतात, कोकणात वलगणीचे. डोहात उन्हाळा काढलेल्या माद्या गाभोळीने भरलेल्या असतात आणि ओढ्यांच्या, भाताच्या खाचरांच्या उथळ, कोमट पाण्यात त्यांना अंडी घालायची असतात. रात्री बॅटरी घेऊन ओढ्यात उतरले की पायांना मासे धडकतात. आपल्या खाद्यसंस्कृतीत वलगणीला मोठा मान आहे आणि तो मला मोडायचा नाही. पण समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी थांबते, ती का थांबते हे किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही माहीत असते. ओढ्यातल्या गाभोळीच्या मादीसाठी तोच विचार आपण करत नाही. पूर्वी हाताने आणि बांबूच्या सापळ्याने जे निसटत होते ते आता बारीक डोळ्याच्या नायलॉन जाळ्यातून निसटत नाही. निदान पहिल्या दोन-तीन रात्री ओढा मोकळा सोडावा, एवढी अपेक्षा फार नाही.

चढण चालते जेमतेम काही दिवस. त्या दिवसांत डोहापासून ओढ्यापर्यंतची वाट उघडी हवी, नाहीतर वर्ष वाया जाते.

मग बिघडते काय?

माझ्या मते सर्वांत मोठे कारण डोळ्यांना दिसत नाही, ते जमिनीखाली आहे. नदीला हिवाळ्यात पाणी पुरवणारी मुरमातली पुंजी आपण विहिरी आणि बोअरने आधीच काढून घेतो. त्यामुळे जी नदी मार्चमध्ये तुटत असे ती डिसेंबरात तुटते, आणि जो डोह जूनपर्यंत पुरत असे तो एप्रिलमध्येच तळ दाखवतो. नैसर्गिक आटणे आणि माणसाने आटवणे यांत हाच फरक आहे, आणि तो तारखांत मोजता येतो. जुन्या माणसांना विचारा: अमुक डोहात पोहायला कधीपर्यंत जात होता? पाडव्यापर्यंत की अक्षय्य तृतीयेपर्यंत? कुठे वाळुंजाची किंवा अर्जुनाची जुनी झाडे उभ्या उभ्या वाळत असतील, तर खालची ओल तुटली आहे असे समजावे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल बोअरवर निर्बंध आहेत. सहाशे-सातशे फुटांवर गेलेल्या बोअरच्या गप्पा मात्र कुठल्याही पारावर ऐकू येतात.

दुसरे कारण वाळूउपसा. बेसाल्ट झिजून वाळू फार सावकाश तयार होते, आणि जी होते ती वरच्या धरणांत आणि बंधाऱ्यांत अडकते. काढलेली वाळू पुढच्या पुरात भरून येईल हा हिशेब आपल्या बहुतेक नद्यांत चालत नाही. वाळू जाऊन कातळ किंवा काळा गाळ उघडा पडला की झिरे जातात, सुरयांची बेटे जातात, आणि शेजारच्या विहिरींची पातळी पात्राबरोबर खाली उतरते.

तिसरे, खोलीकरण आणि रुंदीकरण. इथे मला सावधपणे लिहायला हवे, कारण पाण्यासाठी वणवण केलेल्या गावाने ओढ्यात यंत्र उतरवले तर त्याला नावे ठेवण्याचा हक्क शहरात नळाचे पाणी पिणाऱ्याला नाही. डिसेंबर २०१४ पासून जलयुक्त शिवारमधून अशी पुष्कळ कामे झाली, काही गावांना त्यातून पाणी मिळालेही. पण ओढे खोल-रुंद करण्याच्या ज्या शिरपूर पॅटर्नचा दाखला दिला जातो त्या तापीच्या खोऱ्यात गाळाची जाड जमीन आहे. ती पाणी पिते. कातळावरच्या ओढ्यात तेच केले की पाणी मुरवणारा मुरूमच निघून जातो आणि उरतो एक सरळ, एकसारख्या खोलीचा चर. त्यात उथळ खळाळ नाही, डोह नाही, दरड नाही, काठचे झाड नाही. पावसाळ्यात काठावर टाकलेली माती पुन्हा आत येते. धरणाच्या किंवा जुन्या बंधाऱ्याच्या मागे साचलेला गाळ काढून शेतात नेणे हे चांगले काम आहे. पात्रातला मुरूम, गोटे आणि वाळू काढणे हे त्याच नावाखाली खपते, आणि तेवढेच थांबवायला हवे.

बंधाऱ्यांतही फरक आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या असतात. पावसाळ्यात ते काढले की मासे खालून वर जाऊ शकतात. सिमेंट नाला बंधारा म्हणजे कायमची भिंत. पुरुषभर उंचीची भिंत सोडा, खाली सरळ हातभर तुटलेला काँक्रीटचा कट्टासुद्धा बोटाएवढ्या माशाला ओलांडता येत नाही. अशा बंधाऱ्यांमागे बारा महिने साचून राहणाऱ्या पाण्यात चिलापी मात्र झपाट्याने वाढते, आणि सांडपाणी मिळाले तर वर जलपर्णी पसरते.

उचल पाण्याच्या योजनांमुळे एक नवा प्रश्न आला आहे. कृष्णेवरच्या टेंभू योजनेचे पाणी आता माण नदीच्या पात्रात सोडले जाते. आटपाडी-सांगोल्याच्या शेतकऱ्याने त्यासाठी किती वर्षे लढा दिला हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते पाणी त्याच्या हक्काचे आहे. पण ऐन एप्रिल-मेमध्ये पात्रातून आवर्तन सोडले जाते तेव्हा गोट्यांतली टिटवीची अंडी वाहून जातात आणि दुसऱ्या खोऱ्यातले मासेही सोबत येतात. आवर्तनाच्या तारखा ठरवताना पक्ष्यांच्या विणीचा विचार करता येईल का, हा प्रश्न अजून कुठल्या बैठकीत निघालेला मी ऐकलेला नाही.

कायद्याच्या फटीत

पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. त्यांत नदीचे पात्र पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळले आहे. नदीकाठच्या उद्योगांवर बंधने घालणारे महाराष्ट्राचे नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ साली रद्द झाले. निळी आणि लाल पूररेषा आहे, पण ती पुरात माणसाचे नुकसान होऊ नये म्हणून. मे महिन्यातल्या डोहाला आणि कोरड्या वाळूला स्वतःचे असे संरक्षण जवळपास कुठेच नाही. रिकामी दिसणारी जागा म्हणून तिथे राडारोडा पडतो, बाजार भरतो, रस्ता येतो, वेडी बाभूळ माजते.

तरीही वापरता येतील अशा वाटा आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ गावांत ती नोंदवही एजन्सीने भरून कपाटात ठेवलेली असते. तिच्यात गावातले डोह नावानिशी, खोलीनिशी आणि कुठल्या महिन्यापर्यंत पाणी टिकते या माहितीनिशी लिहिले, तर पुढे कुणी खोलीकरणाचा प्रस्ताव आणला की समितीच्या हातात कागद असतो. याच कायद्याने आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमावरचे महादेव मंदिराचे कुंड आणि भोवतालचा परिसर, मिळून अवघे २.११ हेक्टर, २०२१ साली जैविक वारसा स्थळ झाले. कारण होता तिथे सापडलेला शिस्तुरा हिरण्यकेशी नावाचा लहानसा मासा. एवढ्याशा पाण्यासाठी सरकारी अधिसूचना निघू शकते, तर एखाद्या मोठ्या डोहासाठी मागणी करायला हरकत काय?

भूजलाचा प्रश्न एका गावाने सुटत नाही. राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात अरवरी नदीच्या खोऱ्यात १९८५ नंतर तरुण भारत संघ या संस्थेच्या साथीने गावांनी जोहड, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध बांधले, पाणी मुरले, नदी पुन्हा वाहू लागली. वाहू लागताच शासनाने तिच्यातल्या मासेमारीचा ठेका दिला आणि गावे विरोधात उभी राहिली. पुढे १९९९ मध्ये सुमारे ७० गावांची अरवरी संसद तयार झाली. तिने उसासारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत इथपर्यंत नियम केले. आपल्याकडे जोहडांची गोष्ट भाषणांत खूप सांगितली जाते, उसाची सांगितली जात नाही.

महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून 'चला जाणूया नदीला' अभियान निघाले, सुरुवातीला ७५ नद्यांसाठी. अशा नदीयात्रा बहुतेक पावसाळा सरल्यावर, पाणी असताना होतात. त्यांची एक फेरी मे महिन्यात व्हावी, आणि सोबत भोई, कातकरी, मेंढपाळ असावेत. कुठला डोह कधीच आटत नाही, कुठे हातभर वाळू काढली की पाणी लागते, टिटवी कुठल्या वळणावर बसते, हे त्यांना तोंडपाठ असते. एवढी माहिती नकाशावर चढली की कुठली वाळू राखायची, कुठल्या काठावर करंज-उंबर लावायचे आणि कुठल्या सिमेंट बंधाऱ्याला एका बाजूने दगडांचा उतार देऊन माशांना चढायला वाट करायची, हे ठरवता येते. बर्गे असलेल्या बंधाऱ्यांवर तर नवा खर्चही नाही. बर्गे तसेही पावसाळ्याआधी काढायचे असतात, ते पहिल्या पुराच्या आधी सगळे निघाले आहेत की नाही एवढे मे अखेरीस जाऊन पाहायचे.